पाफॉसचा ऑक्टोबर आणि पाफॉसचा जानेवारी

प्रश्न : ताई, मी 62 वर्षांचा, राज्य सरकारच्या सेवेतून निवृत्त. ठाण्यात स्वतःचा फ्लॅट आहे. निवृत्तिवेतन दरमहा 78,000 रुपये, शिवाय ठेवींचं व्याज. मुलगा-सून फ्रँकफुर्टला असतात, पण तिथली थंडी पत्नीच्या गुडघ्यांना सोसत नाही. गेल्या ऑक्टोबरात आम्ही सगळे सायप्रसला, पाफॉसमध्ये आठवडाभर राहिलो. ऊन, समुद्र, इंग्रजी समजणारी माणसं. पत्नीचे गुडघे त्या आठवड्यात दुखलेच नाहीत. एका एजंटाने 1,45,000 युरोंचा फ्लॅट दाखवलाय. मालकीचा कागद मागाहून मिळेल, म्हणतो. उत्तरेला किरेनियात असाच फ्लॅट निम्म्या किमतीत मिळेल, असंही म्हणाला. ठाण्याचं घर विकून कायमचं तिकडे जावं का? बयाणा महिनाअखेरीस द्यायचा आहे.
— एक वाचक, ठाणे

उत्तर : बयाणा देऊ नका. ठाण्याचं घर विकू नका. सायप्रसला मात्र जरूर जा, पण आधी डिसेंबर ते फेब्रुवारी भाड्याने राहायला.

माझे यजमान जहाजांवर चीफ इंजिनिअर होते आणि पुढे सायप्रसमधल्या लिमासोल शहरातल्या कचेरीत आले. जहाजांची व्यवस्था पाहणाऱ्या कंपन्यांचं लिमासोल हे मोठं केंद्र आहे, त्यामुळे आपल्याकडची दर्यावर्दी कुटुंबं तिथे असतात. आम्हीही राहिलो. ते बेट मला मनापासून आवडतं, म्हणूनच स्पष्ट लिहिते.

तुम्ही पाहिलात तो ऑक्टोबर. पाफॉसचा जानेवारी वेगळा असतो. दिवसा सोळा-सतरा अंश आणि छान कोवळं ऊन, पण रात्री पारा आठच्या आसपास उतरतो आणि वर्षाचा बराचसा पाऊस याच दिवसांत पडतो. आकडे वाचून तुम्ही म्हणाल, नाशिकलाही एवढी थंडी असते. खरं आहे, पण तिथली घरं उन्हाळ्यासाठी बांधलेली. फरशी संगमरवरी किंवा टाइल्सची, खिडक्या मोठ्या आणि बऱ्याच जुन्या फ्लॅट्समध्ये मध्यवर्ती हीटिंग नसतं. लोक गॅसची शेगडी चाकांवरून या खोलीतून त्या खोलीत ढकलत नेतात. गच्चीवरच्या सौर बंबात ढगाळ दिवशी पाणी कोमटच राहतं. मग विजेचं बटण दाबायचं आणि बिलाकडे बघायचं. भिंतींना ओल येते. सांधे दुखणाऱ्या माणसाला त्या ओलीचा त्रास होतो. वहिनींच्या गुडघ्यांसाठी जाताय ना? मग त्या गुडघ्यांनी आधी तिथला जानेवारी बघायला हवा.

अल्पमुदतीच्या व्हिसावर 180 दिवसांत 90 दिवस राहता येतं. अख्खा हिवाळा त्यात बसतो. हॉटेल नको, वस्तीतला फ्लॅट घ्या, शक्यतो तळमजल्यावरचा किंवा लिफ्ट असलेला. पाफॉस, पेया, ताला ही गावं डोंगरउतारावर चढत जातात, म्हणून दूध-पावाचं दुकान किती चढावर आहे ते चालून बघा. बस आहे, पण ती प्रत्येक गल्लीत येत नाही. गाडी चालवणारा माणूस घरात नसेल तर दिवस लांब वाटतात. तुम्ही गाडी चालवता का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. वहिनी चालवतात का, हे त्याहून महत्त्वाचं आहे. पाफॉसच्या आसपास निवृत्त इंग्रज जोडपी पुष्कळ भेटतील. त्यांच्याशी बोला, विशेषतः ज्यांचा जोडीदार गेलाय त्यांच्याशी.

आता कागदपत्रं. निवृत्तांसाठी जो वास्तव्याचा परवाना असतो, त्याला 'एफ' वर्ग म्हणतात. तिथे नोकरी करायची नाही आणि उत्पन्न बाहेरून येत असल्याचं दाखवायचं. अधिकृत किमान रक्कम एका माणसाला वर्षाला साधारण 9,500 युरो आणि अवलंबिताला आणखी 4,600. म्हणजे तुम्हा दोघांना 14,000 च्या वर. युरो शंभर रुपये जरी धरला तरी तुमचं नुसतं निवृत्तिवेतन वर्षाला 9,360 युरो होतं. उरलेली भर व्याजाने घालावी लागेल. आणि किमान म्हणजे किमान. त्यात अर्ज होईल, आरामात राहणं होणार नाही. शिवाय तुमची मिळकत रुपयांत आणि खर्च युरोत, हे अंतर पंधरा-वीस वर्षांत वाढतच जाईल असं धरून चला. 3,00,000 युरोंचं नवं घर घेऊन परवाना मिळवण्याचा दुसरा रस्ता आहे. त्याला वर्षाचं उत्पन्न निदान 50,000 युरो लागतं. तो तुमचा रस्ता नाही.

एजंट जे सांगत नाही ते हे : सायप्रस 2004 पासून युरोपीय संघात आहे, पण आजमितीस शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, नाही. तिथला परवाना हातात असला तरी नातवंडाच्या वाढदिवसाला फ्रँकफुर्टला जायचं तर वेगळा व्हिसा काढावा लागेल. मुलाच्या जवळ जातोय, असं तुम्ही मनाशी धरलंय, ते विमानाच्या तासांपुरतंच खरं आहे.

'कागद मागाहून' या वाक्यावर मी दार लावून घेईन. सायप्रसमध्ये हजारो लोकांनी पूर्ण पैसे मोजून घरं घेतली आणि मालकीहक्काचं पत्र वर्षानुवर्षं मिळालं नाही, कारण बिल्डरने तीच जमीन बँकेकडे गहाण ठेवलेली होती. अशा अडकलेल्या खरेदीदारांसाठी 2015 मध्ये खास कायदा करावा लागला. पुढे कधी घेतलंतच, तर मालकीपत्र तयार असलेलं जुनं घर घ्या, करार जमीन नोंदणी खात्यात दाखल करा आणि वकील स्वतः शोधा. एजंटाने सुचवलेला वकील घेऊ नका.

किरेनियाचा विचार तर डोक्यातून काढूनच टाका. 1974 मध्ये तुर्की सैन्य उतरल्यापासून उत्तर भाग वेगळा पडलाय आणि तिथल्या राजवटीला तुर्कस्तानखेरीज कुणी मान्यता देत नाही. तिथल्या कितीतरी जमिनींचे मूळ मालक दक्षिणेत निर्वासित म्हणून जगतायत. एका ब्रिटिश जोडप्याने अशा जमिनीवर बंगला बांधला, तर मूळ मालक न्यायालयात गेला आणि 2009 मध्ये युरोपीय न्यायालयाने ठरवलं की सायप्रसच्या न्यायालयाचा हुकूम ब्रिटनमध्येही बजावता येतो. निम्मी किंमत त्यामुळे आहे. आणि कायद्याचं राहू द्या, दुसऱ्याच्या हिसकावलेल्या अंगणात आपण म्हातारपण काढू नये, असं मला वाटतं.

इकडच्या बाजूचं थोडक्यात : परदेशी पाठवायला माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे, आणि दहा लाख रुपयांच्या वर पाठवलंत तर वरच्या रकमेवर बँक 20 टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापते, जो विवरणपत्रात वळता होतो. अनिवासी झालात की ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत नवं खातं उघडता येत नाही. भारतातली बहुतेक मेडिक्लेम बाहेर चालत नाही. तिथे अर्जालाच खाजगी विमा लागतो, आणि जुनी दुखणी त्यातून वगळलेली असू शकतात. गुडघे वगळलेले नाहीत ना, ते पॉलिसीत वाचा.

जेवणाची काळजी करू नका. चवळी तिथे घरोघरी शिजते, भेंडी मिळते, हलूमी चीज तव्यावर भाजून पोळीबरोबर उत्तम लागतं. आणि कोलोकासी! आपल्या आळकुड्यांचीच जात, पण मनगटाएवढी जाड. माझ्या शेजारणीने शिकवलं : सोलल्यावर धुवायची नाही, कोरड्या फडक्याने पुसायची, आणि सुरी अर्धी घालून तुकडा कडकन मोडायचा. सरळ कापली की बुळबुळीत होते. त्यात चिंच-गूळ घालून मी भाजी केली तेव्हा ती माझ्याकडे वाटी घेऊन आली होती.

एक गोष्ट दोघांनी एकत्र बसून बोला, आजच. तिथे आपल्यापैकी एकजण गेला तर? अग्निसंस्काराला परवानगी देणारा कायदा तिथे 2016 मध्ये झाला; तोवर ती सोय नव्हती. त्यामुळे आता कुठे, कसं होतं हे राजधानी निकोसियातल्या भारतीय उच्चायुक्तालयात आधीच विचारून ठेवा. मागे राहिलेल्याने पाफॉसमध्ये एकट्याने राहायचं की परत यायचं? परत यायचं असेल तर ठाण्याचं दार उघडं हवं. म्हणून पुढे राहायला गेलातच, तर ते घर अकरा महिन्यांच्या करारावर भाड्याने द्या, एक खोली आपल्या सामानाला ठेवा, आणि ते भाडं पाफॉसच्या भाड्याला लावा. पण आधी हा हिवाळा; मार्चमध्ये परत आलात की वहिनींनाच पत्र लिहायला सांगा.