मिडलंड पाहायला येताना

ताई, यजमानांनी पश्चिम टेक्सासमधल्या मिडलंडची नोकरी स्वीकारण्यापूर्वी मुलीला घेऊन आठवडाभर येऊन पाहावे का, आणि त्या तेलाच्या गावात सांस्कृतिक म्हणावे असे काही आहे का, असे आपण विचारले आहे. व्हिसाचे नियम सरकारी संकेतस्थळावर मिळतील. आपण जरूर या.

पहिला दिवस पर्मियन बेसिन पेट्रोलियम म्युझियमला द्या. १९७५ साली उघडलेल्या या संग्रहालयाच्या आवारात जुनी तेलयंत्रे मांडलेली आहेत, मोटारशर्यतपटू जिम हॉल यांच्या शर्यतीच्या चॅपरल मोटारी आहेत. पण मला मोल वाटते ते पर्मियन समुद्राच्या देखाव्याचे. ज्या माळावर आज सावलीसाठी झाड शोधावे लागते, तिथे पंचवीस कोटींहून अधिक वर्षांपूर्वी समुद्र होता आणि त्यातल्या सूक्ष्म जीवांच्या अवशेषांपासून हे तेल झाले. रत्नागिरीहून आलेल्या माझ्या सात वर्षांच्या मुलीने तिथे उभे राहून विचारले होते, "मग तो समुद्र गेला कुठे?"

आम्ही तिथे वारंवार जात होतो, कारण तीन आठवडे तिला शाळेत घेतलेच नव्हते. दाखला मराठीत होता, मी केलेले भाषांतर चालत नव्हते, आणि लसीकरणाच्या वहीतले अक्षर त्यांना लागत नव्हते. शेवटी घेतले ते पहिलीतच, रत्नागिरीत पहिली उत्तम रीतीने पूर्ण झालेली असताना. ती इंग्रजी बोलत नाही, एवढेच कारण तोंडी सांगितले गेले. आज ती नोकरी करते आणि तिला यातले फारसे आठवतही नाही. माझ्या मनातून मात्र ते जात नाही, कारण आपले उच्चार चुकतील या भीतीने मी त्या खोलीत गप्प बसले होते.

अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेले थोरले आणि धाकटे बुश जिथे राहिले ते घर तासाभरात पाहून होते. वीस मैलांवरच्या ओडेसात विद्यापीठाच्या आवारात २००४ साली उभारलेली स्टोनहेंजची, म्हणजे इंग्लंडमधल्या प्राचीन शिळावर्तुळाची, प्रतिकृती आहे, आणि दोन्ही गावांच्या मधल्या वॅग्नर नोएल सभागृहात चांगले संगीत ऐकायला मिळते. मुलीला मोनाहन्सच्या वाळूच्या टेकड्यांवर न्यायला विसरू नका. तिथे मुले चकतीवर बसून घसरत खाली येतात.

एकटेपणाविषयीही आपण विचारले आहे. तो येतो, आणि कामाला लागले की सरतो.

एक दिवस मात्र शाळेसाठी राखून ठेवा. दाखल्याचे अधिकृत इंग्रजी भाषांतर भारतातूनच करून आणा, आणि वर्ग खाली ठरवला तर त्याच बैठकीत लेखी कारण मागा. मी ते मागितले नव्हते.