गरोदरपणात अधूनमधून एखादा ग्लास वाइन चालते का?

नाही, एक ग्लासही नको. गरोदरपणात 'इतकी चालेल' असं दारूचं सुरक्षित प्रमाण आजवर ठरलेलं नाही. आईच्या रक्तातली दारू वारेतून बाळापर्यंत पोचते आणि ती पचवण्याइतकं त्याचं यकृत तयार नसतं. मेंदू तर नऊही महिने घडत असतो, त्यामुळे 'तीन महिने उलटले, आता हरकत नाही' हा सल्ला ऐकू नका. वाइन काय, बिअर काय, अल्कोहोल तेच. गरोदरपणातल्या दारूमुळे बाळाला होणाऱ्या आजाराला १९७३ मध्ये डॉक्टरांनी 'फीटल अल्कोहोल सिंड्रोम' हे नाव दिलं. त्याची लक्षणं: बारीक डोळे, नाकाखालची सपाट झालेली पन्हळ, खुंटलेली वाढ, शिकण्यातल्या अडचणी. दिवस गेल्याचं कळण्याआधी घेतली असेल तर घाबरू नका, आजपासून थांबा आणि तपासणीच्या वेळी सांगा. मात्र रोज भरपूर पिण्याची सवय असेल, तर डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडा.