वडिलांनी नॉमिनी बदलून आईऐवजी पुतण्याचं नाव लावलं. अ‍ॅन्युइटीचे (विमा कंपनीच्या पेन्शन योजनेचे) पैसे त्याचेच का?
नाही, आईचं नाव काढून पुतण्याचं लावलं एवढ्यानं ते पैसे त्याचे होत नाहीत. सरबती देवी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १९८३ मध्येच सांगितलंय की नॉमिनी फक्त पैसे स्वीकारतो, हक्क वारसांचा. २०१५ च्या दुरुस्तीनं विमा कायद्याच्या कलम ३९ मध्ये आईवडील, पती-पत्नी आणि मुलं या नॉमिनींना जास्त हक्क दिला. पुतण्या त्यात बसत नाही. पण विमा कंपनीनं नोंदीतल्या नॉमिनीला पैसे दिले की ती मोकळी होते. म्हणून आजच कंपनीच्या शाखेत लेखी हरकत द्या, प्रतीवर शिक्का मारून पोच घ्या, बदलाच्या फॉर्मवरची सही नीट पाहा आणि दिवाणी न्यायालयात तूर्तातूर्त मनाई हुकूम (पैसे देणं तात्पुरतं थांबवणारा आदेश) मागा. वडिलांनी पुतण्याच्या नावे मृत्युपत्र केलं असेल, तर मात्र गोष्ट वेगळी.