गाडीला बाहेरच्या कंपनीचा एअर इनटेक (इंजिनला हवा देणारा पाइप आणि फिल्टर) बसवायचा आहे. कोल्ड एअर घ्यावा की शॉर्ट रॅम?

दोन्हींपैकी निवडायचा तर कोल्ड एअर (लांब पाइपने इंजिनपासून दूरची थंड हवा ओढणारा), पण फिल्टर बंद बॉक्समध्ये असेल आणि तोंड बंपरच्या अगदी खाली नसेल तरच. खाली लटकणारा फिल्टर साचलेल्या पाण्यात बुडाला की इंजिन पाणी ओढतं. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन उघडावं लागतं.

शॉर्ट रॅम (आखूड पाइपचा इनटेक) स्वस्त आणि बसवायला सोपा, आवाजही मस्त येतो. पण तो बॉनेटखालची तापलेली हवा ओढतो. तापमान 10 अंशांनी वाढलं की हवेची घनता साधारण 3 टक्क्यांनी घटते, म्हणजे ट्रॅफिकमध्ये ताकद उलट कमीच होते.

खरेदीआधी एमएएफ सेन्सर (इंजिनात जाणारी हवा मोजणारा) नक्की बघा. हा सेन्सर कंपनीच्या पाइपच्या व्यासाप्रमाणे हवा मोजतो. नवा पाइप जाड असेल तर मोजमाप चुकतं, मिश्रण लीन होतं (हवेच्या मानाने इंधन कमी पडतं) आणि चेक इंजिनचा दिवा लागू शकतो. म्हणून तुमच्याच मॉडेलसाठी आणि इंजिनसाठी बनवलेलं किट घ्या, 'सगळ्या गाड्यांना चालेल' असं लिहिलेलं नको. तेल लावायचा कॉटन फिल्टर असेल तर तेल बेताने लावा. जास्तीचं तेल सेन्सरच्या तारेवर बसतं.

टर्बो नसलेल्या गाडीत नुसत्या इनटेकने फारसा फरक पडत नाही, हे मनापासून सांगतो. टर्बो असेल आणि सोबत ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) ट्यून करणार असाल तरच पूर्ण किटवर खर्च करा. नाहीतर मूळ एअरबॉक्स ठेवून त्यात चांगला पॅनेल फिल्टर टाका. वॉरंटी चालू असेल तर तिच्या अटी आधी वाचा.