गुहागरजवळच्या सात गुंठ्यांवर दोन घरं बांधून एक विकावं का?

विकण्यासाठी म्हणून बांधू नका. गिऱ्हाईक ठरलेलं असेल आणि त्याने विसार दिला असेल, तरच दुसऱ्या घराचा पाया खणा. तुम्ही विचारलंय की कंत्राटदार पुण्यापेक्षा चढा दर का सांगतो आणि आसपासची तयार घरं पडून का आहेत. मी चिपळूण-गुहागर पट्ट्यात घरांची कामं करून घेतो, त्यावरून सांगतो.

आपल्याकडे हाताशी असतो तो जांभा चिरा. सिमेंट आणि जालन्याची सळई कुंभार्ली घाट उतरून येते. खाडीची वाळू खारट, त्यामुळे क्रश सँड, म्हणजे दगड भरडून केलेली वाळू, आणावी लागते, तिचंही भाडं लागतं. कारागीर बरेचसे बाहेरचे, पाऊस लागला की गावी जातात. जून ते सप्टेंबर बाहेरचं काम बंद, म्हणजे वर्षातले आठच महिने हातात. सप्टेंबर २०२५ मध्ये सिमेंटवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तेवढाच काय तो दिलासा.

तरीही खरा फरक खाऱ्या वाऱ्याचा आहे, आणि कंत्राटदार कितीही समजावू दे, इथे तडजोड करू नका. काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे (आयएस ४५६) किनाऱ्याच्या हवेत उघड्या असलेल्या आरसीसीला, म्हणजे सळई घातलेल्या काँक्रीटला, किमान एम३० मजबुतीचं काँक्रीट आणि सळईवर ४५ मिलिमीटर कव्हर, म्हणजे काँक्रीटचा थर, लागतं. सौम्य हवेत हेच एम२० आणि २० मिलिमीटरवर भागतं. काँक्रीटच्या पाण्यात क्लोराइड लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या वर नको, म्हणून समुद्राजवळच्या विहिरीचं पाणी आधी तपासून घ्या. कव्हर कमी पडलं तर मीठ सळईपर्यंत पोचतं, गंज फुगतो आणि स्लॅबचे पोपडे सुटतात. ते दुरुस्त करायला वाचवलेल्या पैशांच्या कितीतरी पट खर्च येतो. छपराचंही तसंच. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात रायगडपासून दापोली-मंडणगडपर्यंत पत्रे उडालेले सगळ्यांनी पाहिलेत. छपराच्या बांधणीत पैसा घालाच.

आता विक्री. इथल्या माणसाला राहायला घर असतं, तो विकत घेत नाही. घेणारा मुंबई-पुण्याचा, आणि हे त्याचं दुसरं घर. नोकरीची किंवा पहिल्या कर्जाची चिंता आली की सगळ्यात आधी हाच बेत पुढे ढकलला जातो. त्यात मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण २०११ पासून रखडत चाललंय, त्यामुळे शनिवार-रविवारी येऊन जायचा हिशेब जुळत नाही. सौदा होत आलाच, तर सातबारा आडवा येतो. आत्या, चुलते, मुंबईला स्थायिक झालेले भाऊबंद, सगळ्यांची नावं. एकाचीही सही राहिली की बँक कर्ज देत नाही, आणि रोखीने घेणारे थोडे.

तोवर तुमचा पैसा अडकतो. चाळीस लाख घातले आणि व्याज नऊ टक्के धरलं, तर वर्षाला ३ लाख ६० हजार जातात. शिवाय बंद घर पावसाळ्यात लवकर खराब होतं. भिंतींना बुरशी, दारं फुगलेली, बिजागऱ्या गंजलेल्या, चौकटीला वाळवी. दुसऱ्या वर्षी तेच घर दाखवायला पुन्हा रंग द्यावा लागतो आणि गिऱ्हाईक भाव पाडून मागतं. तुम्ही पाहिलेली ती रिकामी घरं बहुतेक याच फेऱ्यात सापडलेली असणार.

तुमच्या जमिनीबाबत दोन गोष्टी बांधकामाआधी पक्क्या करा. एक, भरतीरेषेपासूनचं अंतर. किनाऱ्यालगतच्या बांधकामांवर बंधनं घालणाऱ्या २०१९ च्या सीआरझेड अधिसूचनेत कमी दाट वस्तीच्या ग्रामीण भागात समुद्राकडून २०० मीटरपर्यंत ना-विकास क्षेत्र आहे, तिथे नवं घर बसत नाही. दोन, सात गुंठ्यांचे तुकडे करून एक विकताना जमिनीचे फार लहान तुकडे करू न देणाऱ्या तुकडेबंदी कायद्याची अडचण येते का, हे तहसील कार्यालयात लेखी विचारा. तोंडी होकारावर एक रुपयाही घालू नका. वारसांची हक्कसोडपत्रंही, म्हणजे आपला हिस्सा सोडल्याचे दस्त, नोंदवून घ्या. नातं गोड आहे तोवरच हे काम होतं.

हे सगळं जुळलं, तर स्वतःसाठी एकच आटोपशीर बैठं घर बांधा, चिऱ्याच्या भिंती आणि उतरतं छप्पर. दुसऱ्या घराची जागा मोकळी ठेवा. पाया दिवाळीनंतर लगेच धरा, आणि छप्पर एप्रिलअखेर चढेल अशी अट करारात लिहून घ्या.