श्वास न घेणाऱ्याचा ‘दमसास’

प्रश्न असा आला: “काका, मी एक दीर्घकथा लिहितेय. नायक व्हॅम्पायर आहे, दोनशे वर्षांपूर्वी मेलेला, आणि आता नागपुरात एका रॉक बँडमध्ये गातो. तो श्वास घेत नाही. त्याच्या आवाजाला मी ‘घोगरा’ म्हटलं तर मैत्रीण म्हणाली, याला सर्दी झालीय असं वाटतं. ‘खर्जातला’ म्हटलं तर बातम्या देणारा निवेदक डोळ्यांसमोर येतो. आणि एका ठिकाणी ‘त्याचा दमसास अफाट होता’ असं लिहून गेले. मग वाटलं, श्वासच नाही तर दमसास कसला? कोणता शब्द वापरू?”

शेवटची शंका आधी घेतो, कारण बाकीच्या दोन्हींचं उत्तर तिच्यातूनच निघतं.

‘दमसास’मधला ‘दम’ फारसीतून आला आणि तिथे त्याचा अर्थ श्वास. ‘सास’ हे आपल्या ‘श्वास’चंच घरात वापरून झिजलेलं रूप. एक शब्द बाहेरचा, एक घरचा, अर्थ तोच, आणि दोघांची गाठ मारून दिलेली. कागदपत्र, बाजारहाट, धनदौलत ही सगळी याच घराण्यातली. म्हणजे ‘दमसास’मध्ये श्वास एकदा नाही, दोनदा आहे. एका श्वासात किती लांब गाता येतं आणि शेवटचा सूरही न हलता कसा टेकवता येतो, हे मोजणारा हा शब्द. वसंतराव देशपांडे ज्या शहरात शंकरराव सप्रे यांच्याकडे गाणं शिकले, त्या आपल्या नागपुरात मैफिलीच्या मध्यंतरात तो चहाबरोबर निघतोच.

त्यामुळे तुझी शंका अगदी बरोबर आहे. पण ती एका शब्दापुरती नाही. गायकाचं कौतुक करायला मराठीत जे काही आहे ते बहुतेक जिवंत शरीरातून आलेलं आहे. ‘गळा गोड आहे’, ‘छातीतून आवाज लावतो’, ‘बेंबीच्या देठापासून गायला’, ‘एका दमात तान घेतली’, आणि सगळ्यांत जास्त वापरला जाणारा ‘जीव ओतून गायला’. ज्याच्याकडे जीवच नाही तो ओतणार काय? आणि ही सवय आजची नाही. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. त्यात माणसाच्या आवाजाचे प्रकार पाडलेत ते चक्क कफ, पित्त, वातावरून: कफाचा तो खाहुल, पित्ताचा तो नाराट, वाताचा तो बोंबक, आणि सरमिसळ असेल तर मिश्रक. देवगिरीच्या दरबारात तुझा नायक गायला उभा राहिला असता तर त्याला यातल्या कुठल्याच खणात बसवता आलं नसतं. माझ्या मते तुझ्या कथेची खरी मौज इथेच आहे.

म्हणून माझा सल्ला असा. निवेदक म्हणून तू बोलतेस तिथे शरीराचे शब्द येऊ देऊ नकोस. ते सगळे त्याच्या भोवतालच्या जिवंत माणसांच्या तोंडी दे. गाणं बसवताना ड्रमवाला पोरगा काठ्या खाली ठेवून म्हणू दे, “अबे, हा मधात श्वास घेते का नाही बे?” आणि त्याच्या घरचे, गाण्यातले जाणकार आजोबा मोबाइलवरचं रेकॉर्डिंग ऐकून खूश होऊन म्हणू देत, “काय दमसास आहे पोराचा!” तुझ्या तोंडी चुकीचा ठरणारा शब्द आजोबांच्या तोंडी अगदी खरा वाटतो. ते मनापासून दाद देताहेत, आणि वाचकाच्या अंगावर काटा येतोय. शब्द काढून टाकू नकोस, फक्त त्याची जागा बदल.

एक गोष्ट मात्र नीट बघ. जगायला त्याला श्वास लागत नसेल, पण गायला हवा लागणारच. स्वरतंतू थरथरतात ते त्यांच्यामधून हवा ढकलली जाते म्हणून. तेव्हा तो ‘श्वास घेतो’ असं न म्हणता ‘हवा भरून घेतो’ असं म्हण. हा फरक मराठीत सहज कळतो, कारण आपल्याकडे भाता आहे. पेटीचा भाता असो की लोहाराचा, तो हवा भरतो, सोडतो, आणि त्यात जीव नसतो. कबीरांच्या नावावरचा तो दोहा आपल्या नागपुरात हिंदी शाळेत न गेलेल्यालाही पाठ असतो, मेल्या कातड्याच्या श्वासाने लोखंडाचं भस्म होतं तो. त्यात दुबळ्याची हाय आहे, तुझ्या नायकाशी तिचा संबंध नाही. पण मेलेल्या कातड्याने घेतलेला श्वास ही प्रतिमा तुला आयती मिळते. ओळीच्या आधी त्याची छाती भात्यासारखी एकदाच फुलते, आणि मग पुढे बराच वेळ हलत नाही.

आता ‘घोगरा’. तुझ्या मैत्रिणीचा कान चांगला आहे. तान्ह्या पोळ्याला नागपूरच्या महाल-इतवारी भागात काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे मोठाले पुतळे, मिरवत निघते, तेव्हा ‘घेऊन जा गे मारबत’ म्हणून दिवसभर ओरडलेल्या पोरांचे आवाज संध्याकाळी ऐक. तो खरा घोगरा. ओरडून स्वरतंतू सुजतात, मग ते नीट मिटत नाहीत, मधल्या फटीतून हवा निसटते आणि आवाजात ती खरखर येते. सर्दीतही सूज असतेच. घोगरेपणा हे वापरलेल्या, दमलेल्या, जिवंत रक्त खेळत असलेल्या घशाचं लक्षण आहे. ‘बसका’, ‘भसाडा’, ‘चिरका’, ‘कापरा’ हेही त्याच गोतावळ्यातले, सगळे गळ्याचं काहीतरी बिघडलंय असं सांगणारे. तुझ्या नायकाचा घसा सुजत नाही, दमत नाही, म्हातारा होत नाही. त्याला घोगरा म्हणालीस की तो माणूस झाला.

‘खर्ज’ची गोष्ट वेगळी. हा शब्द ‘षड्ज’वरूनच आला, ‘ष’चा ‘ख’ होऊन. तो आवाजाची उंची सांगतो, पोत सांगत नाही. खर्जातला आवाज गुळगुळीत असू शकतो, खरबरीत असू शकतो, निवेदकाचाही असू शकतो. शिवाय रॉक गाणारा अख्खी रात्र खर्जात राहत नाही, त्याला वरच्या पट्टीत जाऊन किंचाळावंही लागतं. म्हणून ‘खर्ज’ एकटा पुरणार नाही. पण तंबोऱ्याच्या चौथ्या, जाड तारेलाही आपण खर्जच म्हणतो, आणि त्या तारेने मला तुझ्यासाठीचा शब्द दाखवला.

तो शब्द ‘जवारी’.

माझ्या आईचा तंबोरा आमच्या महालातल्या घरी भिंतीला टेकून असायचा. मे महिन्यात लाकूड आकसायचं, खुंट्या सैल पडायच्या, ती त्यांना खडू घासून परत बसवायची. कूलरच्या वाऱ्यात तंबोरा ठेवला की मात्र ओरडायची. मग खाली बसून एकेका तारेखाली, घोडीवर, म्हणजे तारा ज्या पट्टीवरून जातात तिच्यावर, सुताचा दोरा सरकवायची. दोरा जागेवर नसेपर्यंत तार नुसती टण् वाजायची, कोरडी. आई दोरा नखाने केसभर पुढे, केसभर मागे करायची, आणि एका क्षणी त्याच तारेतून मधमाश्यांचं मोहोळ उठल्यासारखा आवाज निघायचा. तार तीच, ताण तोच. घोडीच्या किंचित उतरत्या माथ्याला तार जाता जाता घासत राहते, आणि त्या घासण्यातून एका सुराच्या पोटात दडलेले वरचे सूर बाहेर येतात. ती जवारी. गाणाऱ्याच्या आवाजात तसा झणकार असला की त्या आवाजालाही आपण ‘जवारीदार’ म्हणतो.

रॉकच्या गाण्यात लागणारी खरखर तुला इथून मिळेल, आणि ती आजारी वाटणार नाही. जवारीतही घर्षण आहे, पण ते बिघाडातून आलेलं नाही, मुद्दाम आणलेलं आहे. दुसरं असं, की तंबोरा म्हणजे वाळलेला भोपळा, कापलेलं लाकूड आणि धातूच्या तारा. त्यातलं काहीच जिवंत नाही आणि तरी तो गात्या माणसापेक्षा जास्त वेळ, न थकता, सुरात राहतो. तुझ्या नायकाला लागणारे शब्द गायकाच्या शरीरातून न घेता वाद्यातून घे: जवारी, झणकार, घुमारा, आणि ‘आस’. तार छेडून बोट काढल्यावर मागे जो नाद रेंगाळतो ती आस. याच शब्दाचा दुसरा अर्थ तुला वेगळा सांगायला नको. ज्याची तहान कधी भागत नाही त्याच्या आवाजाला आस आहे, असं एकदाच लिही. दोनदा लिहिलंस की वाचकाला ती कोटी वाटेल.

‘जीवघेणा’ या शब्दाचा मोह होईल. टाळ. तो पहिल्याच पानावर सगळं गुपित फोडतो.

सुळ्यांबद्दल तू काहीच विचारलं नाहीस, पण गाण्यात ते आडवे येणार. शार्ङ्गदेवाने गायकांचे पंचवीस दोष दिलेत, त्यांतला पहिलाच ‘संदष्ट’, म्हणजे दात आवळून गाणारा. हा शब्द चावण्याच्या ‘दंश्’ धातूतून आलेला आहे. इतका नेमका शब्द सातशे वर्षांहून जास्त काळ तुझ्या कथेची वाट बघत होता असं मला मनापासून वाटतं. सुळे दिसू नयेत म्हणून सुरुवातीला तो ओठ जवळ ठेवून गाईल, आणि एखादा शास्त्र शिकलेला श्रोता ‘संदष्ट आहे’ म्हणून नाक मुरडेल. अक्षरांचंही बघ. प, फ, ब, भ, म म्हणताना ओठ मिटावे लागतात, तिथे सुळे खालच्या ओठावर टेकणार. ‘व’ला तर वरचे दात खालच्या ओठाजवळ येतातच. ‘आ’ मोकळा सुटेल. त्याच्यासाठी गाण्याच्या ओळी लिहिशील तेव्हा लांबवायच्या जागी ‘आ’ ठेव, आणि ‘म’वर संपणारी ओळ त्याला टाळू दे. कारण कोणी सांगायचं नाही.

याच्या उलट बाजूची एक उपमा ‘पाणिनीय शिक्षा’ या उच्चारांवरच्या जुन्या संस्कृत ग्रंथात आहे. वाघीण पिल्लांना दाढांत धरून नेते, ती पडू नयेत इतकं घट्ट आणि दात रुतू नयेत इतकं अलगद. अक्षरं तशी उच्चारावीत. पेंच आणि ताडोब्याच्या वाटेवरच्या गावात राहणाऱ्या आपल्याला ही उपमा समजावून सांगावी लागत नाही. तुझा नायक पहिल्या गाण्यात संदष्ट आणि शेवटच्या गाण्यात वाघिणीसारखा, एवढा प्रवास झाला तरी खूप झालं.

अजून एक. या जातीचा सगळ्यांत गाजलेला गायक म्हणजे अॅन राइस यांचा लेस्टाट. अठराव्या शतकातला हा फ्रेंच उमराव १९८५ च्या कादंबरीत रॉकस्टार होतो. सतरा वर्षं प्रत्येक वाचकाने त्याला आपापल्या कानांनी ऐकलं. २००२ च्या सिनेमात पडद्यावर स्टुअर्ट टाउनसेंड होता आणि गाण्याचा आवाज कॉर्न बँडच्या जोनाथन डेव्हिसचा. पण करारामुळे अल्बमवर डेव्हिसचा आवाज घेता आला नाही, तीच गाणी पाच निरनिराळ्या गायकांनी गायली. एकाच पात्राचे सहा आवाज, आणि वाचकांच्या कानातले वेगळेच. तेव्हा आवाज इंच इंच मोजून देऊ नकोस. दोन शब्द वाद्याचे, आणि बाकी ऐकणाऱ्यांचं काय झालं ते.

तुझं वाक्य होतं, ‘त्याचा घोगरा, खर्जातला आवाज सभागृहभर घुमला, त्याचा दमसास अफाट होता.’ मी असं करून बघितलं: ‘ओळ संपायची वेळ झाली. आता हा श्वास घेईल म्हणून पुढच्या रांगेतली पोरं दम धरून बसली, आणि एकेकाचा दम सुटत गेला. तो तसाच उभा, तोंड उघडं. आवाज जवारी लावल्यासारखा झणाणत होता.’ दम गेला तो श्रोत्यांकडे, आणि ‘दमसास’ शब्द आजोबांसाठी शिल्लक राहिला.

‘घोगरा’ही वाया घालवू नकोस. मारबतीचा दिवस कथेत घे. ऊन असल्यामुळे तो मिरवणुकीत नसेल, संध्याकाळी गाणं बसवायलाच येईल. गिटारवाला, ड्रमवाला, आवाज सांभाळणारा पोरगा, चहा आणून देणारा, सगळ्यांचे आवाज घोगरे, कोणाच्या तोंडून धड शब्द फुटत नाही. तो माइक हातात घेऊन ‘सा’ लावतो.