श्रीलंकेशी झालेला संरक्षण करार : बंधन किती, सोय किती?

प्रश्न : नोव्हेंबर 2025 मध्ये भारत आणि श्रीलंका यांच्या लष्करांचा ‘मित्रशक्ती’ हा संयुक्त सराव आमच्या बेळगावात झाला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये दोन्ही देशांत संरक्षण सहकार्याचा करार झाल्याचेही वाचले होते. उद्या श्रीलंकेवर संकट आले, तर आपल्या जवानांना तिकडे जावेच लागेल का? आणि संरक्षणाच्या बोलण्यांत वीज, तेल, बंदरे हे विषय कसे येतात?
— एक वाचक, खानापूर

उत्तर : जावेच लागेल, असे बंधन नाही. 5 एप्रिल 2025 रोजी कोलंबोत ज्यावर सह्या झाल्या, तो सामंजस्य करार आहे. एकावरील हल्ला तो दोघांवरील हल्ला मानणारा तह नव्हे. प्रशिक्षण, सराव, युद्धनौकांच्या भेटी या गोष्टी आधीपासूनच चालू होत्या, त्यांना आता एक चौकट मिळाली आहे. बेळगावचा सराव हा या मालिकेतला अकरावा होता, तेव्हा तो या कराराचे फळ मानण्याचे कारण नाही. कराराची मुदत पाच वर्षांची असून तीन महिन्यांची पूर्वसूचना देऊन कोणालाही त्यातून बाहेर पडता येते, असे श्रीलंकेच्या बाजूने सांगण्यात आले आहे.

करार इतका सैल का ठेवला, याचे उत्तर 1987 मध्ये सापडते. त्या वर्षी 29 जुलैला राजीव गांधी आणि श्रीलंकेचे तत्कालीन राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांच्यात करार झाला, तिथले सरकार आणि तमिळ बंडखोर यांच्यातला संघर्ष थांबवण्यासाठी भारतीय शांतिसेना श्रीलंकेत उतरली आणि मार्च 1990 मध्ये ती परतेपर्यंत सुमारे 1,200 भारतीय जवानांना प्राण गमवावे लागले. मराठा लाइट इन्फंट्रीशी पिढ्यान्‌पिढ्यांचे नाते असलेल्या आपल्या भागात हा प्रश्न विचारला जातो, यात म्हणूनच नवल नाही. मात्र श्रीलंकेत त्या कराराची आठवण वेगळी आहे : मोठ्या शेजाऱ्याने लादलेला करार, अशी. त्याविरुद्ध सशस्त्र उठाव करणारा पक्ष होता जनता विमुक्ती पेरामुना, आणि आजचे राष्ट्राध्यक्ष अनुरा कुमार दिसानायके हे त्याच पक्षाचे नेते आहेत. अशा नेत्याच्या कारकिर्दीत भारताशी संरक्षण करार व्हावा, हेच आमच्या मते मोठे घडले आहे. त्याहून कडक शब्द त्यांना घरी पेलवले नसते. करारांचा मजकूर जाहीर करा, अशी मागणी तिथल्या विरोधकांनी केलीच.

आता दुसरा भाग. 2017 मध्ये श्रीलंकेचे हंबनटोटा बंदर चिनी कंपनीला 99 वर्षांच्या भाडेपट्ट्याने गेले, तेव्हा तो आर्थिक व्यवहार म्हणून मांडला गेला. ऑगस्ट 2022 मध्ये त्याच बंदरात ‘युआन वांग 5’ हे उपग्रह व क्षेपणास्त्रांचा माग काढणारे चिनी जहाज नांगरले, आणि दिल्लीत तो सुरक्षेचा प्रश्न झाला. त्याच वर्षी श्रीलंकेची परकीय गंगाजळी आटली असता भारताने इंधन, अन्न व औषधे यांसाठी सुमारे 4 अब्ज डॉलरचे साहाय्य दिले. श्रीलंकेची भूमी भारताच्या हिताविरुद्ध वापरू दिली जाणार नाही, ही डिसेंबर 2024 मधील दिसानायके यांची दिल्लीतील ग्वाही या पार्श्वभूमीवर वाचावी लागते. म्हणूनच एप्रिल 2025 मध्ये संरक्षण कराराच्या जोडीला दोन्ही देशांच्या वीजजाळ्यांची जोडणी आणि संयुक्त अरब अमिरातीसह त्रिंकोमालीचा ऊर्जा प्रकल्प हेही करार झाले. त्रिंकोमालीत दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या 99 तेलटाक्या आहेत, आणि तेथील नैसर्गिक बंदराचे मोल नौदलांना पूर्वीपासून ठाऊक आहे.

व्यापाराची गाडी मात्र रखडली आहे. वस्तूंचा मुक्त व्यापार मार्च 2000 पासून चालू आहे, परंतु सेवाक्षेत्रालाही कवेत घेणाऱ्या पुढच्या कराराची बोलणी वर्षानुवर्षे थांबत-थांबत चालली आहेत, कारण भारतीय डॉक्टर-अभियंते आपल्या नोकऱ्या घेतील, अशी धास्ती श्रीलंकेतील सुशिक्षितांना वाटते. शिवाय पाल्कच्या सामुद्रधुनीत तमिळनाडूच्या मच्छीमारांना होणारी अटक हा विषय प्रत्येक भेटीत निघतो, आणि पुढच्या भेटीच्या कार्यक्रमपत्रिकेवर तसाच येतो.